एकाच धोऱ्याचे दोन लिनोकट

माझ्या कामाच्या टेबलासमोर भिंतीवर दोन लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून कागदावर घेतलेले छाप, शेजारीशेजारी टांगलेले आहेत. दोन्ही ३० बाय ४५ सेंटिमीटरचे, दोन्ही काळ्या शाईतले, आणि दोन्हींत राजस्थानातल्या खुरी गावाजवळचा एकच धोरा आहे. धोरा म्हणजे वाळूची टेकडी. तिकडचे लोक तिला हेच म्हणतात, आणि चार दिवस तिथे राहिल्यावर माझ्याही तोंडात तोच शब्द बसला. दोन चित्रांमध्ये एका वर्षाचं अंतर आहे. पहिलं फसलं. हत्यारांना धार होती, शाई नीट लागली होती, कोरण्यातही मोठी चूक नव्हती. ते फसलं रेखाटनाच्या वहीतच, आणि ते कळायला मला आठ महिने लागले. निसर्ग समोर बसून रेखाटायचा आणि घरी येऊन लिनोवर कोरायचा, अशा पद्धतीने काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पहिला फेरा

खुरी जैसलमेरच्या नैऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पर्यटकांची मोठी गर्दी सम नावाच्या गावाजवळच्या धोऱ्यांवर असते. इथे त्या मानाने शांतता मिळते. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. गावाबाहेरच्या एका ढाणीत, म्हणजे चार-पाच घरांच्या वस्तीत, एका कुटुंबाकडे राहिले. घरातल्या कर्त्या म्हाताऱ्या माणसाला सगळे काकोसा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला बाईसा म्हणत.

सोबत कार्ट्रिज कागदाची वही, ४बी आणि ६बी पेन्सिली, चारकोल आणि जलरंगाची छोटी पेटी होती. पाच दिवसांत ४६ रेखाटनं झाली. येताना वाटेत कुलधऱ्याला थांबले होते. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेलं हे गाव जैसलमेरपासून १८ किलोमीटरवर आहे. बिनछपराची दगडी घरं, सरळ गल्ल्या, भिंतींच्या कडा, दाराच्या चौकटीतला गडद काळोख. तिथली सहा रेखाटनं इतकी सहज जमली की माझा आत्मविश्वास वाढला. पुण्याला परतल्यावर त्यातलं एक लिनोवर उतरवलं, तेही पहिल्या प्रूफलाच, म्हणजे चाचणीच्या छापालाच, उभं राहिलं. आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या यशानेच माझी दिशाभूल केली. दगडी भिंतीला कड असते. उजेड एका बाजूला, सावली दुसऱ्या बाजूला, मध्ये दगडाची धार. लिनोला हवं ते सगळं भिंत आपणहून देते. वाळू देत नाही.

धोऱ्याची रेखाटनं मी नेहमीच्या सवयीने केली होती. आधी पेन्सिलीने बाह्यरेषा, मग चारकोल बोटाने पुसून छटा, वर कुठे कुठे जलरंगाचा पातळ हात. वहीत ती सुंदर दिसत. वाळूचा मऊपणा त्यांत नक्की होता. पण ती सगळी करड्या रंगाच्या भाषेत बोलत होती, आणि लिनोला करडा रंग येत नाही.

इथे लिनोविषयी थोडं सांगायला हवं. हा मूळचा जमिनीवर अंथरायचा माल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने तो तयार केला. त्यात मुख्य घटक हवेत घट्ट झालेलं जवसाचं तेल, त्यात बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, भुगा आणि पाठीला तागाचं कापड. ज्या जवसाची आपण चटणी करतो, तेच हे जवस. उन्हात ठेवलेला लिनो कोरताना त्याचा ओळखीचा वास येतो, मला तो फार आवडतो. या तुकड्याला लाकडासारखा रेषांचा कल नसतो, त्यामुळे हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच जातं. न कोरलेल्या लिनोवर शाईचा रोलर फिरवला आणि कागद ठेवून घासला, तर अख्खा काळा आयत उमटतो. त्यातून जे कोरून काढाल तेवढंच पांढरं. म्हणजे पेन्सिल पांढऱ्यावर काळं घालत जाते आणि व्ही-टूल, म्हणजे व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार, काळ्यातून पांढरं काढत जातं. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा सांगितलं आहे. तरीही वाळवंटात बसून मी पाच दिवस नेमकं उलटं काम करत होते.

घरी आल्यावर करड्या छटांचं काय करायचं हा प्रश्न पडला. मी तो जवळजवळच्या समांतर रेषा कोरून सोडवला. फिकट छटा तिथे जाड काप, गडद तिथे बारीक. धोऱ्याभोवती बाह्यरेषा काळी ठेवली. आकाश मोठ्या यू-टूलने साफ केलं, पण कोरताना उरलेल्या उंचवट्यांनी शाई पकडली आणि आकाशभर आडवे ओरखडे उमटले. काही कलाकार असे ओरखडे मुद्दाम ठेवतात, त्याने छापाला जिवंतपणा येतो. माझ्या चित्रात मात्र वाळू आणि आकाश एकाच कापडाचं वाटू लागलं. नऊ प्रूफं काढली. धोरा पन्हाळी पत्र्यासारखा दिसत होता, एका मापाच्या घड्या पडलेला आणि कडक.

‘ओ धोरो उलटो है’

प्रूफचा फोटो मी काकोसांच्या नातवाच्या फोनवर पाठवला. संध्याकाळी फोन आला. नातवाने सांगितलं, घरातल्या सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांना आवडला. मग मागून काकोसांचा आवाज आला, “पण ओ धोरो उलटो है, बाईसा.”

मी वही उघडून पाहिली. बरोबर होतं. लिनोवर जे कोरतो ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापलं जातं. अक्षरं असली की आपण काळजी घेतो, ट्रेसिंग कागद पालथा घालून आकृती उतरवतो. निसर्गदृश्याला मी ती तसदी घेतली नव्हती. डोंगर डावीकडे काय, उजवीकडे काय, असं वाटलं होतं. कुणाही पुणेकराला फरक कळला नसता. पण काकोसांनी तो धोरा जन्मभर पाहिला आहे. त्यांच्या लेखी त्याची चढती बाजू कुठे आणि कोसळती कुठे, ही वाऱ्याची गोष्ट आहे. माझ्या चित्रात वारा भलतीकडून वाहत होता.

मला खरा धक्का पुढे बसला. छाप उलटा आहे हे मला स्वतःला कळलं नव्हतं. जो धोरा मी पाच दिवस समोर बसून काढला, त्याची डावी-उजवी बाजू मला ओळखता येत नसेल, तर मी पाहिलं काय? मी छटा पाहिल्या होत्या. धोरा पाहिला नव्हता.

वारा वाचायला शिकणं

त्यानंतरचे महिने मी कोरलं फार कमी आणि वाचलं जास्त. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नॉल्ड १९३० च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात गाड्या घेऊन भटकला, आणि परत जाऊन लंडनला वातबोगद्यात वाळू उडवून त्याने तिची चाल अभ्यासली. वाळूचा कण हवेत तरंगत नाही, तो उड्या मारतो. एक कण उडून पुढे आदळतो, त्याच्या धक्क्याने दुसरे उडतात. या उड्यांमधूनच वाळूवरच्या लहरी तयार होतात आणि कण चढणीने वर वर ढकलले जातात. माथ्यावर पोचले की पलीकडे कोसळतात.

म्हणून धोऱ्याच्या दोन बाजू अगदी वेगळ्या असतात. वाऱ्याकडची बाजू लांब, सुमारे १० ते १५ अंशांच्या संथ चढाची आणि लहरींनी भरलेली. पलीकडची आखूड, उभी, ३२ ते ३४ अंशांची. सुकी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही, घसरते. घसरत असल्यामुळे त्या बाजूवर लहरी टिकत नाहीत, ती गुळगुळीत राहते. थारमध्ये जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतो, तोच धोऱ्यांना आकार देतो. तेव्हा उभी बाजू ईशान्येला येते. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा मंद असतो, माथ्याची कड थोडी इकडेतिकडे करण्यापलीकडे त्याची ताकद नाही.

चित्रकाराला याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. माझ्यासाठी सगळा उपयोग इथेच होता. जानेवारीत सूर्य नैऋत्येला मावळतो. म्हणजे दुपारनंतर सूर्य आणि उन्हाळी वारा एकाच बाजूने येतात. वाऱ्याकडची लहरींची बाजू उजेडात, उभी गुळगुळीत बाजू पूर्ण सावलीत. गुळगुळीत आणि काळी! लिनोवर त्या भागाला हत्यार लावायचंच नाही. आणि लहरी वाऱ्याला आडव्या असतात, म्हणजे तिरपा उजेडही त्यांना आडवाच छेदतो, प्रत्येक लहरीमागे सावलीची एक बारीक रेघ पडते. निसर्गाने काळं-पांढरं आधीच वेगळं करून ठेवलं होतं. मी ते पुसून करडं करत होते.

याच काळात मी बंगाली चित्रकार चित्तप्रसादांचे लिनोकट पुन्हा पाहिले. ते १९४६ नंतर मुंबईत, अंधेरीला राहिले आणि बंगालच्या दुष्काळाची रेखाटनं करणाऱ्या त्याच हाताने लिनो कोरत राहिले. त्यांचे पांढरे काप माणसाच्या अंगाच्या वळणाने जातात. काप हाच आकार असतो, आकारावर मागाहून घातलेली छटा नसते. माझ्या धोऱ्यावरचे काप कुठल्याच वळणाने जात नव्हते.

दुसरा फेरा, काळा कागद

पुढच्या जानेवारीत पुन्हा खुरीला गेले, त्याच ढाणीत. या वेळी पेन्सिली, चारकोल, रंगपेटी सगळं घरी ठेवलं. सोबत काळ्या कागदाचे तुकडे आणि पांढऱ्या पेन्सिली घेतल्या. कागद लिनोच्या निम्म्या मापाचे, १५ बाय २२.५ सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण तेच राहील. नियम एकच केला: पांढरी रेघ जिथे ओढीन तिथे उद्या हत्यार चालणार आहे. बोटाने पुसायचं नाही. पेन्सिल हलकी दाबून फिकट पांढरं करायचं नाही. एक तर रेघ आहे, नाही तर नाही.

पहिला दिवस फार अवघड गेला. हात सारखा सावली काढायला जाई आणि कागदावर सावली आधीच असे. दुपारी पाहिलेला अख्खा धोरा झगझगीत उजेडात होता, म्हणजे सगळाच कागद पांढरा करावा लागला असता. दुपारी वाळवंट लिनोसाठी काढता येत नाही, असं माझं आता ठाम मत आहे. सूर्य वर असताना वाळूला अंग नसतं.

दुसऱ्या दिवशी रेखाटन बाजूला ठेवलं आणि दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत एका जागी बसून फक्त वेळा टिपल्या. वायव्येकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे डाव्या हाताला संथ चढ आणि उजव्या हाताला उभी बाजू. तीन वाजले तसा उभ्या बाजूवरचा तिरपा उजेड गेला आणि ती सावलीत आली. त्यानंतर सावली पायथा ओलांडून सपाटीवर पसरू लागली. पण डावीकडच्या लहरी अजून नुसत्या पुसट दिसत होत्या. सव्वापाचनंतर त्या एकदम उठल्या, जणू कुणी खालून दिवा लावला. सहाच्या सुमारास सूर्य मावळला. म्हणजे मला हवं ते दृश्य रोज जेमतेम पाऊण तास होतं. उरलेल्या तीन दिवसांत त्या पाऊण तासातच काम केलं. चौदा रेखाटनं झाली, आधीच्या फेऱ्याच्या एक तृतीयांशही नाहीत.

त्या चौदा रेखाटनांत तीन गोष्टी मला नव्याने दिसल्या.

पहिली, धोऱ्याला बाह्यरेषा नसते. उजेडातली बाजू संपते आणि सावलीतली सुरू होते, त्या सीमेलाच आपण माथ्याची कड म्हणतो. काळ्या कागदावर डावी बाजू भरत माथ्यापर्यंत आले आणि थांबले की कड आपोआप तयार झाली, मी ओढली असती त्याहून धारदार.

दुसरी गोष्ट लहरींची. त्या समांतर नसतात. गुडघे टेकून नाक वाळूपाशी नेऊन पाहिलं तेव्हा दिसलं, एक लहर पुढे जाऊन फाटते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. दोन लहरी एकमेकींत मिसळतात, एखादी मध्येच विरून जाते आणि तिच्या जागी शेजारची सरकते. जाड कण लहरीच्या माथ्यावर साठतात, बारीक खळग्यात, म्हणून जवळून पाहिलं तर रंगातही फरक असतो. अंतर पुढ्यात चार बोटांचं, दूर जाता जाता केसाएवढं. पहिल्या चित्रातला पत्रा या फाट्यांअभावी झाला होता. मी एक अख्खा कागद फक्त फाटे आणि मिसळण्याच्या जागा काढण्यात घालवला, त्या कागदाइतका उपयोग बाकी कशाचा झाला नाही.

तिसरी गोष्ट झाडांची. खुरीच्या धोऱ्यांवर फोग, खींप आणि आक असतात. आक म्हणजे आपल्या रुईचाच भाऊबंद. पायथ्याला सेवण गवताची थोंबं आणि एक खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला सीमोल्लंघनात जिची पूजा होते ती. तिथे तिच्यावर जगणं अवलंबून आहे: पाल्याची लूंग जनावरांना आणि शेंगांची सांगरी माणसांना. हिवाळ्यात लूंग काढायला ती छाटतात, मग झाड गाठीगाठींच्या खुंटासारखं दिसतं. त्या साली ही एक अजून छाटलेली नव्हती. सावलीच्या काळ्या पट्ट्यात तिचा काळा घेर मिसळून गेला होता, फक्त डावीकडच्या फांद्यांना उजेडाची किनार होती. आधी मी अख्खं झाड काढलं असतं. आता सात-आठ पांढऱ्या रेघांवर थांबले.

उंटांची रांग मुद्दाम टाळली. संध्याकाळी माथ्यावरून उंट जात होते आणि ते सुंदर दिसत होते. पण उंट आला की बघणाऱ्याचा डोळा तिथेच जातो आणि वाळू नुसती मागचा पडदा होऊन राहते. मला वाळूच हवी होती.

कोरणं आणि छापणं

लिनो ३.२ मिलिमीटर जाडीचा, करड्या रंगाचा. त्यावर आधी पातळ लाल शाईचा हात दिला, म्हणजे कोरलेला भाग लगेच वेगळा दिसतो. निवडलेलं रेखाटन दुप्पट मोठं करून ट्रेसिंग कागदावर घेतलं आणि या वेळी कागद पालथा घालून उतरवलं. खिडकीतल्या उन्हात लिनो दहा मिनिटं तापवला. थंड लिनो कडक असतो, हत्यार घसरतं आणि डाव्या हाताला लागतं. हत्यारासमोर दुसरा हात कधीही ठेवू नये, हे नव्याने कोरणाऱ्यांना कळकळीने सांगते.

लहरींना सर्वांत बारीक व्ही-टूल वापरलं, आणि हत्यार चालवण्याची दिशा बदलली. पहिल्या वेळी मी सोयीनुसार कुठूनही कुठेही कोरलं होतं. या वेळी प्रत्येक काप पुढ्यातून सुरू करून दूर नेला, हाताचा दाब हळूहळू कमी करत. व्ही-टूलचा गुण असा की दाब कमी झाला की रेघ आपोआप निमुळती होते. लहरी दूर जाताना जशा बारीक होतात तसाच कापही. एक चढ भरायला चार दिवस लागले. उभ्या बाजूला हत्यार लावलं नाही. तिच्या पायथ्याशी गवताच्या थोंबांपुरते आठ-दहा काप, बस्स. आकाश पूर्ण खोल कोरून साफ केलं आणि शाई लावल्यावर उरलेले उंचवटे कापडाने पुसले. कागदाचं कोरं आकाश हवं होतं.

रंगाचा मोह झाला. जैसलमेरचा पिवळा दगड डोळ्यांसमोर होता, म्हणून पिवळट मातकट रंगाचा दुसरा लिनो कोरून खाली छापून पाहिला. तीन प्रूफांनंतर तो बाजूला ठेवला. रंगाने लहरींचा काठ मऊ केला आणि पाऊण तासाची ती धार गेली. त्याऐवजी ब्लीच न केलेल्या, किंचित पिवळसर हातकागदावर नुसती काळी तेलशाई छापली. कागद जयपूरजवळच्या सांगानेरचा होता, परतीच्या वाटेवर घेतलेला. माझ्याकडे प्रेस नाही, लाकडी चमच्याच्या पाठीने घासून छापते. मोठ्या काळ्या भागाला यात फार वेळ लागतो, एका छापाला पाऊण तास. तो उभा काळा भाग एकसारखा भरला नाही तर चित्र संपलंच. पहिल्या दोन छापांत त्यात पांढरे ठिपके राहिले. शाई किंचित वाढवली आणि कागद थोडा दमट केला, तेव्हा काळं बसलं. एकूण १२ छाप काढले.

एक छाप ढाणीवर पाठवला. बरेच महिने काही कळलं नाही. डिसेंबरमध्ये काकोसांच्या नातवाचा फोन आला. चित्र ओसरीत लावलं आहे, म्हणाला. मग काकोसांनी फोन घेतला. धोरा आता बरोबर आहे, वाराही बरोबर, असं त्यांनी सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, आठवडाभरापूर्वीच खेजडीची लूंग काढली. भिंतीवरच्या झाडाला मात्र अजून सगळी आहे.